उरलेला वेळ

मी फक्त घड्याळ लावते.
नगरसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला तीन मिनिटं,
दिवा हिरवा, मग पिवळा, मग लाल.
नंतर इतिवृत्त लिहायचं,
ज्यात कुणी रडलं तर
"नागरिकांनी भावना व्यक्त केल्या" एवढंच येतं.

परवा विषय क्रमांक सात:
शाळेच्या बेसबॉल मैदानाचं गवत.
तिसरी विहीर यंदा चाळीस फूट खाली गेली.
राज्याचं पत्र आलंय: शोभेचं गवत काढा.
खेळाचं गवत शोभेचं की कामाचं
ते गावानं ठरवावं, परिशिष्ट ब.
बाहेर अंधार पडलेला, तरी पारा एकशे आठवर.
आत पंखा, आणि अ‍ॅरिझोनाचा झेंडा
पंख्याच्या वाऱ्यानं सारखा खांबाला गुंडाळतोय.

डेल्मर स्टॅपली, चाळीस वर्षं अंपायर,
त्यानं कागद आणलाच नव्हता.
हनुवटी वर करून टाके दाखवले,
"मातीवर चेंडू असा उसळतो," म्हणाला,
आणि पिवळा दिवा लागेपर्यंत हनुवटी तशीच वर.

युलालिया ब्राकामोंते म्हणाली,
तांब्याची खाण गेली, थिएटर गेलं,
शुक्रवारी रात्री या गावात
काही उजळतं ते तेवढंच.
माझा धाकटा शॉर्टस्टॉपला उभा असतो
तेव्हा मला तो लांबूनही ओळखू येतो.
(लाल दिवा. मी बटण दाबलं. दाबावं लागतं.)

कुणीतरी विचारलं, वेशीबाहेरच्या गोल्फच्या
अठरा हिरवळींना कुठली विहीर?
वकील म्हणाले, तो हक्क जुना आहे,
आणि हद्द आपली नाही.
मागच्या रांगेला तेवढ्यात कळलं
पाणी कुठे मुरतंय.

मग व्हर्नेल्डा अँटोन. काठी टेकत आली,
माइक तिच्या उंचीला आणेपर्यंत थांबली.
"आम्ही मुली टोका खेळायचो, नदीच्या पात्रात.
मेस्किटच्या काठ्या, चामड्यानं बांधलेल्या दोन गोळ्या.
गवत कधीच नव्हतं.
नदी होती.
ती वरती अडवली तेव्हा
आम्हाला कुणी तीन मिनिटं दिली नाहीत."
खोकली.
"माझं झालं. उरलेला वेळ ठेवा तुमच्याकडे."

घड्याळावर दोन मिनिटं, दहा सेकंद.
दिवा हिरवा.
नियमावलीत याला रकाना नाही.

चार विरुद्ध तीन. गवत निघालं.
शनिवारी ट्रकमागे माणसं रांगेत,
डेल्मरनं एक चौकोन पिझ्झाच्या खोक्यातून नेला,
ऐकलंय की भांड्यांच्या पाण्यावर जगवतोय.

पहिला सामना मातीवर.
फक्कीच्या रेषा दुसऱ्याच इनिंगला विस्कटल्या.
युलालियाच्या पोराच्या छातीवर चेंडू आदळला,
तोंडातली धूळ थुंकून तो हसला,
आणि पुढचा चेंडू त्यानं सोडला नाही.
नऊ इनिंग संपल्या, बरोबरी. दहावी. अकरावी.
या खेळाला घड्याळ नसतं,
हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं
की मीच लक्ष दिलं नव्हतं, कोण जाणे.

पण दिव्यांना असतं.
दहाला बंद, वीजबचतीचा ठराव,
माझ्याच अक्षरातला.
दहा वाजले. बाराव्या इनिंगला दोन बाद, तिसऱ्यावर एक पोरगा,
पाय बेसवर, अंग घराकडे झुकलेलं.
स्विचपाशी उभ्या रखवालदारानं
गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

मी दोन बोटं दाखवली.
मग दोन्ही हातांची सगळी.
त्याला काय कळलं कोण जाणे,
पण हात त्यानं खाली घेतला.